हृदयाचे आरोग्य आणि उतारवयातील स्मरणशक्ती: कुटुंबाने काय ओळखावे, काय करावे

“डॉक्टर, बाबांना आता काही लक्षात राहत नाही. पण ते वयाचंच असेल ना?”

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा नागनाथ, कोणत्याही तालुक्यातले कुटुंब असो, ओपीडीत हा प्रश्न वारंवार येतो. पुढे विचारपूस केली की बऱ्याचदा दुसरी गोष्ट कळते. दहा-बारा वर्षांपूर्वी बीपी सापडले होते. काही महिने गोळ्या घेतल्या. “काहीच त्रास नव्हता, म्हणून बंद केल्या.” त्यानंतर कोणी बीपी मोजलेच नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे बहुतेक कुटुंबांना माहीत नसते. स्मरणशक्तीचा त्रास झाला की मेंदूच्या डॉक्टरकडे जायचे आणि छातीत दुखले की हृदयाच्या डॉक्टरकडे, अशी आपली विभागणी असते. शरीरात मात्र अशी विभागणी नाही. हृदय आणि रक्तवाहिन्या बिघडल्या की मेंदूही बिघडतो, फक्त तो हळूहळू आणि गुपचूप बिघडतो.

थोडक्यात महत्त्वाचे

• उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि हृदयाचे अनियमित ठोके यांमुळे हृदयाबरोबर मेंदूचेही नुकसान होते.
• हे नुकसान चाळिशी-पन्नाशीत सुरू होते आणि सत्तरीत दिसते.
• रोजच्या कामात अडचण येईल इतका विसर पडणे हे फक्त “वय झाले” म्हणून सोडून देऊ नये. काही कारणे पूर्ण बरी होणारी असतात.
• विसरणाऱ्या माणसाच्या गोळ्यांची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने घ्यावी.
• तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे असे अचानक झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

हृदयाचा आणि मेंदूचा संबंध काय?

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असते. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त आणि शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. मेंदूला साखर आणि ऑक्सिजन साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे पुरवठा क्षणोक्षणी चालू राहावा लागतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे ठिबक सिंचनाच्या उदाहरणाने लगेच समजते. मोटर म्हणजे हृदय, मेन लाइन म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्या आणि शेवटच्या बारीक नळ्या म्हणजे मेंदूच्या आतल्या केसासारख्या रक्तवाहिन्या. मोटरचा दाब कायम जास्त राहिला तर नळ्या खराब होतात, फुटतात. पाण्यात क्षार असले तर ड्रिपर बुजतात. मोटरच कमजोर झाली तर शेवटच्या ओळीतली हळद आधी सुकते. शेताच्या कडेला उभे राहून पाहिले तर बरेच दिवस सगळे हिरवेच दिसते.

मेंदूतही असेच होते. जास्त रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. मेंदूच्या खोल भागात रक्त कमी पोचते. तिथे वाटाण्यापेक्षाही लहान असे मेलेले ठिपके तयार होतात. प्रत्येक ठिपका हा एक छोटा पक्षाघातच असतो, पण हात-पाय लुळे पडत नाहीत म्हणून कोणाला कळत नाही. असे ठिपके साठत गेले की विचार करण्याचा वेग कमी होतो, चाल मंदावते आणि विसर वाढतो.

स्मृतिभ्रंश किती आढळतो?

रोजचे व्यवहार स्वतः करता येऊ नयेत इतकी बुद्धी आणि स्मरणशक्ती कमी होणे याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. भारतात वृद्धांच्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोक. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आढळले. शहरात ते ५.३ टक्के तर ग्रामीण भागात ८.४ टक्के होते. “हा शहरातल्या लोकांचा आजार आहे” हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. हिंगोलीसारख्या बहुतांश ग्रामीण जिल्ह्याने तर तो मनातून काढूनच टाकावा.

स्मृतिभ्रंशाचे दोन प्रकार जास्त आढळतात. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत विशिष्ट प्रथिने साठतात आणि सहसा आधी ताज्या गोष्टी विसरल्या जातात. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकाराला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात. वय जास्त असलेल्या अनेक रुग्णांत दोन्ही एकत्र असतात. अल्झायमरवर आज आपल्या हातात मर्यादित उपाय आहेत. रक्तवाहिन्यांचा भाग मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. म्हणून तिथे लक्ष द्यायचे.

हृदयाच्या कोणत्या आजारांचा मेंदूवर परिणाम होतो?

उच्च रक्तदाब: सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. ४० ते ६५ या वयात बीपी जास्त राहिलेल्या माणसाला म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो. बीपी वाढल्याचे बहुतेकांना काहीही जाणवत नाही. “डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही” असे समजू नये.

मधुमेह: साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की डोळे आणि मूत्रपिंडाप्रमाणेच मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. उलट, औषध जास्त होऊन किंवा जेवण चुकून साखर वारंवार फार खाली गेली तरी मेंदूला इजा होते.

हृदयाचे अनियमित ठोके: एट्रियल फायब्रिलेशन या आजारात हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. तिथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. या आजारात पक्षाघाताचा धोका साधारण पाच पट होतो. लहानपणी संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या आहेत त्यांनाही हा त्रास होतो. मनगटावरची नाडी कधी जलद, कधी मंद, कोणताही ताल नसल्यासारखी लागली तर ईसीजी काढून घ्यावा. रक्त पातळ करणारी गोळी योग्य रुग्णात पक्षाघाताचा धोका साधारण दोन तृतीयांशाने कमी करते.

हृदयाची ताकद कमी होणे: याला हार्ट फेल्युअर म्हणतात. अटॅकनंतर किंवा जुन्या बीपीमुळे हृदय कमजोर झाले की दम लागतो, पायावर सूज येते आणि मेंदूलाही रक्त कमी पडते. अशा रुग्णांत लक्ष न लागणे आणि विसरणे बरेचदा दिसते.

तंबाखू: विडी-सिगारेटप्रमाणेच चुना-तंबाखू आणि गुटखासुद्धा रक्तवाहिन्यांना घातक आहे. घरातल्या बायका दात घासायला मिश्री लावत असतील तर तोही तंबाखूच आहे. डॉक्टरने “तंबाखू खाता का?” असे विचारल्यावर मिश्रीचा उल्लेख बहुतेक वेळा होत नाही. तो जरूर करा.

नेहमीचा विसर की आजार?

वाढत्या वयात थोडा विसर सर्वांनाच पडतो. फरक असा ओळखावा:

• चष्मा कुठे ठेवला ते विसरणे नेहमीचे आहे. चष्मा कशासाठी असतो तेच न कळणे आजाराचे आहे.
• एखाद्या पाहुण्याचे नाव ओठावर येऊन अडणे नेहमीचे आहे. घरातल्या नातवंडांना न ओळखणे आजाराचे आहे.
• आज कोणती तारीख हे क्षणभर न सुचणे नेहमीचे आहे. दिवाळी झाली की यायची आहे हे न कळणे आजाराचे आहे.
• एकदा हिशेब चुकणे नेहमीचे आहे. आयुष्यभर मोंढ्यात माल विकलेल्या माणसाला सुटे पैसे मोजता न येणे आजाराचे आहे.
• नव्या शहरात रस्ता चुकणे नेहमीचे आहे. रोजच्या वाटेवर शेतातून घरी येताना चुकणे आजाराचे आहे.

रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात विसरण्यापेक्षा दुसऱ्या गोष्टी आधी दिसतात. माणूस मंद होतो. प्रश्न विचारला की उत्तर येते, पण उशिरा. स्वयंपाकात काय आधी आणि काय नंतर याचा क्रम चुकतो. पावले छोटी पडतात, पाय घासत चालतो. लघवी थांबवता येत नाही. चिडचिड किंवा उदासी वाढते. कधी कधी हे पायरीपायरीने होते: काही महिने ठीक, मग एकदम खाली, पुन्हा काही महिने तिथेच.

घरच्यांना हे “आळशीपणा”, “हट्टीपणा” किंवा “मुद्दाम करतात” असे वाटते. त्यावरून वाद होतात, विशेषतः सासू-सुनेत. स्वभाव अचानक बदलला असेल तर आधी तपासणी करा, राग नंतर.

तपासणीत काय करतात?

डॉक्टर आधी घरच्यांशी बोलतात. त्यामुळे रोज सोबत राहणारी व्यक्ती बरोबर असणे आवश्यक आहे. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या मुलापेक्षा घरी जेवण वाढणाऱ्या सुनेला किंवा मुलीला जास्त माहिती असते. तिला आत बोलवा आणि बोलू द्या.

स्मरणशक्तीच्या चाचणीत काही शब्द लक्षात ठेवणे, दिवस-ठिकाण सांगणे, छोटी गणिते असे प्रश्न असतात. “आमची आई शाळेत गेली नाही, ती कशी उत्तरे देणार?” अशी शंका अनेकांना येते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी वेगळ्या चाचण्या भारतात तयार झालेल्या आहेत. शिक्षण नाही म्हणून तपासणी टाळू नका. आईला आधी जे येत होते ते आता येते का, हे जास्त महत्त्वाचे.

याशिवाय बीपी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, सोडियम, मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि ईसीजी लागतो. गरजेनुसार हृदयाचा टू-डी इको आणि मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय सांगितला जातो.

बरी होणारी कारणे आधी शोधावीत

प्रत्येक विसर म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. खालील कारणे सापडली तर उपचाराने बराच फरक पडतो:

• बी-१२ ची कमतरता. माळकरी आणि शाकाहारी घरांत ही बरीच आढळते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी अनेक वर्षे चालू असेल तर शक्यता आणखी वाढते.
• थायरॉइड कमी काम करणे.
• नैराश्य. जोडीदार गेल्यानंतर किंवा मुले कामासाठी बाहेरगावी गेल्यानंतर आलेली उदासी हुबेहूब विसरभोळेपणासारखी दिसू शकते.
• ऐकू न येणे. जे ऐकूच आले नाही ते लक्षात कसे राहणार?
• काही औषधे: झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेच्या, गुंगी आणणाऱ्या जुन्या प्रकारच्या गोळ्या.
• पडल्यावर डोक्यात हळूहळू साठलेले रक्त. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या पडण्यानंतरही हे होऊ शकते, आणि ते काही आठवड्यांनी लक्षात येते.

अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बडबड, भ्रम किंवा गुंगी आली तर तो स्मृतिभ्रंश नसतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम किंवा साखर कमी होणे, लघवी तुंबणे ही कारणे शोधावी लागतात. वृद्ध माणसात हार्ट अटॅक छातीत न दुखता केवळ दम, घाम किंवा अचानक आलेला गोंधळ अशा रूपातही येतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

बीपी किती असावे?

बहुतेक लोकांसाठी १४०/९० च्या खाली हे किमान उद्दिष्ट आहे. सहन होत असेल तर डॉक्टर १३०/८० च्या आसपास आणायचा प्रयत्न करतात. ८० वर्षांवरील, अशक्त किंवा वारंवार पडणाऱ्या व्यक्तीत उद्दिष्ट सौम्य ठेवले जाते.

बीपी कमी केल्याने मेंदूला खरेच फायदा होतो का, याचे चांगले पुरावे आता उपलब्ध आहेत. अमेरिकेतील ९,३६१ लोकांच्या अभ्यासात वरचे बीपी १२० च्या खाली ठेवण्याची तुलना १४० च्या खाली ठेवण्याशी केली गेली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटात स्मरणशक्तीच्या सौम्य बिघाडाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होते. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक खात्रीने सांगण्याइतका मोठा नव्हता.

आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचा अभ्यास चीनच्या ग्रामीण भागातला आहे. तिथे ३२६ गावांतील सुमारे ३४ हजार लोक घेतले होते, सर्वांचे बीपी आटोक्याबाहेर होते. निम्म्या गावांत गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ठरलेल्या पद्धतीने गोळ्या सुरू केल्या, घरी बीपी मोजायला शिकवले आणि पाठपुरावा केला. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे मोठे रुग्णालय, महागडी तपासणी किंवा नवे औषध नव्हते. साध्या गोळ्या नियमित घेणे आणि कोणीतरी गावात येऊन विचारणे, एवढेच होते. आपल्या उपकेंद्रातून आणि आशाताईंमार्फत हेच काम होऊ शकते.

बीपी मोजताना पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. दोनदा मोजा. वृद्ध व्यक्तीचे बीपी उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. हे डॉक्टरांना सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका.

गोळ्यांची जबाबदारी कुटुंबाची

इथे एक दुष्टचक्र असते. बीपीने विसर पडतो, विसर पडल्याने गोळी चुकते, गोळी चुकल्याने बीपी वाढते. किंवा गोळी घेतल्याचे विसरून दुसऱ्यांदा घेतली जाते. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी दोनदा घेतली तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून:

• गोळ्यांचा डबा घरातल्या एका ठरलेल्या व्यक्तीकडे असावा. आठवड्याचे कप्पे असलेला डबा स्वस्त मिळतो.
• गोळी हातात देऊन, समोर पाणी पिऊन घेतल्याचे पाहावे.
• सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णे एका पिशवीत घालून प्रत्येक भेटीला डॉक्टरकडे न्यावीत.
• गुडघे-कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. त्या रोज घेऊ नयेत.
• दोघे वृद्धच घरी राहत असतील तर शेजारी, पुतण्या किंवा आशाताई यांच्यापैकी कोणाला तरी आठवड्यातून एकदा डबा पाहायला सांगावे. मुलगा बाहेरगावी असेल तर त्याने फोनवर “बरे आहात ना?” एवढ्यावर न थांबता “आजचा कप्पा रिकामा आहे का?” हेही विचारावे.

उन्हाळा, उपवास आणि वारी

मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यात घाम फार जातो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणि सोडियम कमी होऊन चक्कर, गुंगी, गोंधळ होऊ शकतो. उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवून डोस ठीक आहे का ते विचारा. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनी रोज किती पाणी प्यायचे तेही विचारून घ्यावे.

एकादशीला जेवण नाही पण साखरेची गोळी मात्र चालू, असे करू नये. साखर एकदम खाली जाते. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची हे आधीच विचारा. आषाढी वारीला पायी जाणाऱ्यांनी महिनाभराच्या गोळ्या, औषधांची चिठ्ठी आणि घरच्यांचा फोन नंबर पिशवीत ठेवावा. विसर पडणाऱ्या व्यक्तीला दिंडीत एकटे सोडू नये.

मेंदू आणि हृदय दोघांसाठी काय करावे?

आहार: ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, ताक, शेंगदाणे हा आपला जुना आहार चांगलाच आहे. अडचण मिठाची आहे. दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याइतकेच मीठ असावे. पापड, लोणचे, खारवलेली मिरची, फरसाण आणि ठेच्यातले मीठही त्यात धरा. सैंधव मिठातही सोडियम असते, त्यामुळे ते हवे तेवढे चालते असे नाही. ‘कमी सोडियम’ असे लिहिलेले मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

चालणे: आठवड्यात १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, थोडा दम लागेल इतके. शेतात काम करणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची फारशी गरज नसते, पण शेती मुलाकडे दिल्यावर बरेच जण एकदम ओट्यावर बसून राहतात. तिथून घसरण सुरू होते.

तंबाखू आणि दारू: तंबाखू पूर्ण बंद. साठीनंतर सोडली तरी फायदा होतो. दारूही शक्यतो बंद करावी.

कान आणि डोळे: ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया. न ऐकणारा, न दिसणारा माणूस संवादातून बाहेर पडतो आणि त्याचा मेंदू लवकर थकतो.

माणसांत राहणे: भजन, हरिपाठ, पारावरच्या गप्पा, नातवंडांना गोष्टी सांगणे. यात मेंदूला खरोखर काम मिळते. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० लोकांवर झालेल्या अभ्यासात आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि बीपी-साखरेवर लक्ष या चारही गोष्टी एकत्र केल्यावर दोन वर्षांत विचारशक्ती जास्त चांगली राहिली. यातली एकच गोष्ट पुरेशी नाही, सगळ्या थोड्या थोड्या कराव्यात.

लगेच कधी धावायचे?

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा न समजणे, अचानक दिसेनासे होणे, तोल जाणे: ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅन पाहून. हिंगोलीहून नांदेड गाठायलाच दीड-दोन तास सहज जातात. म्हणून “सकाळपर्यंत बघू”, “आधी लकव्याचे औषध देणाऱ्याकडे जाऊ” यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. घरी अॅस्पिरिन देऊ नका, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर ते घातक ठरते. तोंडात पाणी किंवा औषध ओतू नका.

लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तरी रुग्णालयात जा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हळद खाल्ल्याने स्मृतिभ्रंश टळतो का?
वसमत आणि हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात हा प्रश्न येणारच. हळदीतील कर्क्युमिनवर बरेच संशोधन झाले आहे. प्रयोगशाळेत त्याचे परिणाम आशादायक दिसतात, पण माणसांमध्ये स्मृतिभ्रंश टळतो किंवा बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. त्याचे एक कारण म्हणजे पोटातून ते रक्तात फार कमी शोषले जाते. जेवणातली हळद अवश्य खा. जास्त ताकदीच्या कर्क्युमिन गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर. बीपीच्या गोळीला हळद हा पर्याय नाही.

कोलेस्टेरॉलच्या गोळीने विसर पडतो का?
काही रुग्णांना तसे वाटते आणि क्वचित तात्पुरता त्रास नोंदवला गेला आहे. पण हजारो वृद्धांवरच्या मोठ्या चाचण्यांत या गोळ्यांनी स्मरणशक्ती कमी झाल्याचे दिसले नाही. अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाने ही गोळी भीतीपोटी सोडणे जास्त धोक्याचे आहे.

स्मरणशक्तीचे टॉनिक द्यावे का?
बी-१२ सारखी कमतरता नसेल तर अशा टॉनिकचा उपयोग सिद्ध झालेला नाही. तोच पैसा बीपी मोजण्याच्या मशीनवर खर्च करा.

आता स्मृतिभ्रंश झालाच आहे. मग बीपीची गोळी कशाला?
पुढचा पक्षाघात टाळण्यासाठी. गेलेले सहसा परत येत नाही, पण आज स्वतः जेवणारी, स्वतः आंघोळ करणारी आई पुढचे काही वर्ष तसे करू शकते का, हे यावर बरेच अवलंबून असते. आजार फार पुढे गेला असेल, वजन आणि बीपी उतरत असेल तर गोळ्या कमीही कराव्या लागतात. ते डॉक्टर ठरवतील.

मदत कुठे मिळेल?

गावाजवळचे उपकेंद्र किंवा आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात ३० वर्षांवरील प्रत्येकाची बीपी-साखर तपासणी मोफत होते आणि गोळ्याही मिळतात. पुढच्या तपासणीसाठी हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय आहे. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. गरज पडल्यास नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले जाते. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. शेवटचा क्रमांक रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे. रात्र-रात्र जागणारी सून किंवा मुलगी थकते, तिलाही बोलायला कोणीतरी हवे असते.

शेवटी एक विनंती

आई-बाबांना तपासणीसाठी घेऊन जाल तेव्हा स्वतःचेही बीपी मोजून घ्या. तुम्ही चाळिशी-पन्नाशीत असाल तर तुमच्या मेंदूतल्या त्या बारीक रक्तवाहिन्यांचे पुढच्या वीस वर्षांचे भवितव्य आत्ता ठरते आहे. बाबांसाठी जे उशिरा कळले ते तुम्हाला वेळेत कळले आहे.

सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी, बदलण्यापूर्वी किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.